पाळीचा प्रश्न आणि कॅन्सरची गोळी

हार्मोनच्या जोरावर वाढणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरवर लेट्रोझोल नावाची एक गोळी देतात. शरीरात इस्ट्रोजेन बनवणारं एन्झाइम ती अडवते. पाळी कायमची गेलेल्या बाईला ती उपयोगी पडते, कारण त्या वयात इस्ट्रोजेन अंडाशयात नाही, चरबीसारख्या ठिकाणी थोडंथोडं बनत असतं. पण जिची अंडाशयं अजून चालू आहेत तिला हीच गोळी एकटी दिली, तर इस्ट्रोजेन कमी पडल्याचा निरोप मेंदूकडे जातो आणि तिथून अंडाशयांना आणखी जोरात कामाला लावलं जातं. मूल होत नसलेल्या बायकांना हीच गोळी काही दिवस देतात, ती नेमकी याचसाठी. एकीचं औषध दुसरीच्या शरीरात जवळजवळ उलटं वागू शकतं, आणि फरक एवढाच की पाळी गेली आहे की नाही.

आता हा प्रश्न आपल्याकडे कोणाला विचारला जातो आणि उत्तर कोण देतं, ते बघा.

नात्यातल्या एका खालाबरोबर मी डॉक्टरांकडे गेले होते. त्यांचं वय ४६, केमो संपलेली, पुढे गोळ्या सुरू करायच्या होत्या. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "पाळी?" खाला ओढणी सारखी करत खाली बघू लागल्या. सोबतच्या थोरल्या मुलाने "बंद आहे" म्हणून सांगून टाकलं. त्या बिचाऱ्यालाही तिथून सुटायचं होतं. डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, कधीपासून बंद आहे? खाला म्हणाल्या, "दुसऱ्या केमोपासून, बेटा. त्याआधी महिन्याच्या महिन्याला यायची." आम्ही परत आत गेलो. मग रक्तातल्या हार्मोनची तपासणी लिहून मिळाली. केमोने थांबलेली पाळी म्हणजे गेलेली पाळी नव्हे. ती काही महिन्यांनी परत येऊ शकते, आणि रक्तस्राव दिसायच्या आधीच अंडाशय जागं झालेलं असू शकतं.

भारतात स्तनाचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं लवकर गाठतो. म्हणजे पाळी चालू असलेल्या बायकांचं प्रमाण आपल्याकडे जास्त. हा प्रश्न घाईत उरकण्याची चैन आपल्याला तरी परवडणारी नाही.

हार्मोन आणि कॅन्सर यांचं नातं काही नवीन नाही. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या सर्जनने १८९६ मध्ये अंडाशयं काढल्यावर स्तनाची गाठ आटल्याचं जाहीर केलं, तेव्हा इस्ट्रोजेन हा शब्दही नव्हता. चार्ल्स हगिन्सने १९४१ मध्ये पुरुषांच्या प्रोस्टेट कॅन्सरबद्दल तेच दाखवलं आणि १९६६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. टॅमॉक्सिफेन तर गर्भनिरोधक म्हणून बनवलं होतं, तिथे ते नापास झालं आणि पुढे लाखो बायकांचा जीव वाचवणारं औषध ठरलं. आपल्या परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी सुमारे हजार बायकांवर एक चाचणी केली, ऑपरेशनआधी प्रोजेस्टेरॉनचं एकच इंजेक्शन देऊन. निष्कर्ष २०११ मध्ये छापून आले. सगळ्या बायकांत मिळून ठाम फरक दिसला नाही, पण काखेतल्या गाठींपर्यंत आजार पोचलेल्यांत फायदा दिसला. त्यामागची कल्पना मला फार आवडते. पाळीच्या चक्रात ऑपरेशन कोणत्या दिवशी होतं याने काही फरक पडतो का, या प्रश्नातून ती निघाली होती.

आणि हे फक्त बायकांच्या अवयवांपुरतं नाही. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरवर काम प्रसिद्ध केलं. ठरावीक औषधांना बायकांचा प्रतिसाद पुरुषांपेक्षा चांगला होता. उंदरांमध्ये टेस्टोस्टेरॉनचा परिणाम अडवल्यावर तीच औषधं जास्त लागू पडली, नरांत आणि माद्यांतही. इतके दिवस हे कुणी बघितलं का नाही? अमेरिकेत १९७७ पासून १९९३ पर्यंत, मूल होण्याच्या वयातल्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेर ठेवायचा सरकारी सल्लाच होता. हेतू गर्भाच्या काळजीचा होता. पण डोस ठरले ते पुरुषांवर.

आपल्या समाजात या गप्पपणाला हया म्हणतात. मला ते पटत नाही. फिक्हच्या किताबांत हैजवर पानंच्या पानं आहेत. तलाकशुदा बाईची इद्दत पाळीवरूनच मोजतात. हनफी पाळ्या मोजतात, आपले कोकणातले शाफई मधला पाकीचा काळ. आणि पाळी गेलेल्या बाईची इद्दत तीन महिने, हे खुद्द सूरह तलाकमध्ये आहे. चालू आहे की गेली, हा जो फरक डॉक्टर विचारतात, तो आपल्या घरात चौदाशे वर्षं विचारला जातो आहे. हजरत उम्मे सुलैम यांनी तर गुस्लचा असा प्रश्न थेट रसूलुल्लाहंना विचारला होता, जो आज आपल्या मुली आईलाही विचारणार नाहीत. तेव्हा मजहबची आड घेऊ नका. ही लाज आपण नंतर जमवली आहे.

गोळ्या सुरू झाल्यावर तर खरी परीक्षा. त्या पाच वर्षं, कधी दहा वर्षं घ्यायच्या असतात. अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने जाग येते, सांधे धरतात, योनी कोरडी पडते. यातलं शेवटचं ना नवऱ्याला सांगता येतं ना डॉक्टरला, मग बाई गुपचूप गोळी बंद करते. किंवा कुणी दिलेलं 'बायकांचं टॉनिक' सुरू करते, ज्यात काय आहे ते बाटलीवर लिहिलेलं नसतं. रमजानमध्ये रोजा सुटू नये म्हणून गोळी सोडणाऱ्याही मला भेटल्या आहेत. दिवसातून एकदाची गोळी इफ्तारनंतर चालेल का, एवढं डॉक्टरांना विचारलं की बहुतेकदा काम होतं. आजाऱ्याला रोजाची सूट आहेच.

पुढच्या वेळी मुलाला बाहेर बाकावर बसवा आणि बहिणीला, सुनेला आत न्या. शेवटची पाळी कधी आली त्याची तारीख, केमो कधी सुरू झाली ती तारीख, आणि घरातलं प्रत्येक टॉनिक बाटलीसकट सोबत.