बाग राष्ट्राची कशी होते?

पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. जपानमधील ओकायामा शहराची कोराकुएन ही बाग त्याची प्रेरणा. तिथली हिरवळ, पाणी, वळणाच्या वाटा पाहिल्या की ‘हे खास जपानी’ असे आपण सहज म्हणून जातो. पण एखादी बाग राष्ट्राची ओळख होते ती कशी?

कोराकुएन मुळात राष्ट्रासाठी झालीच नव्हती. इकेदा त्सुनामासा या सरंजामदाराने ती स्वतःच्या विसाव्यासाठी १६८७ मध्ये करायला घेतली. १७०० मध्ये ती पुरी झाली. पुढे १८७१ मध्ये मिळालेले नावही एका चिनी वचनावरून घेतलेले: आधी लोकांची चिंता, मागाहून आपले सुख! सरंजामशाही गेली आणि १८८४ मध्ये बाग प्रांतिक सरकारकडे येऊन सर्वांना खुली झाली.

त्याच सुमारास जपान आगगाड्या आणि तोफा पश्चिमेकडून घेत होता. मग ‘आमचे’ म्हणून जगाला दाखवायचे काय? १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात त्याने बाग मांडली. जपानी बागांवरचा गाजलेला इंग्रजी ग्रंथ १८९३ मध्ये लिहिला तो जोसाया काँडर या इंग्रज वास्तुविशारदाने. बाहेरच्यांनी वाखाणले की घरच्या वस्तूचे मोल घरातही वाढते. १९१९ मध्ये संरक्षणाचा कायदा आला आणि १९२२ मध्ये कोराकुएनला त्याचे छत्र मिळाले.

प्रतीक झाले की राष्ट्राचे वैरही वाट्याला येते. सॅन फ्रान्सिस्कोतील जपानी चहाबाग १८९४ ची. ती सांभाळणाऱ्या हागिवारा कुटुंबाला १९४२ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, छावणीत धाडण्यात आले. बागेच्या नावातला ‘जपानी’ शब्द पुसून ‘पौर्वात्य’ लिहिले गेले. मूळ नाव परतले ते १९५२ मध्ये. बागेने कुणाचे काय बिघडवले होते?

मी जन्मभर बँकेत ताळेबंद पाहिले. त्यात ‘गुडविल’ नावाची एक मालमत्ता असते. ती हाताला लागत नाही, पण तिला किंमत असते. वारसा मला तसाच वाटतो. फरक इतकाच की, त्याची डागडुजी रोज करावी लागते. १९३४ चा पूर आणि १९४५ चे बाँबहल्ले यांनी कोराकुएनची दैना केली. जुनी चित्रे आणि नोंदी जपलेल्या होत्या, म्हणून ती पुन्हा उभी राहिली. अभिमान बाळगायला काही लागत नाही. कागद जपायला आणि झाडे छाटायला मात्र पिढ्यान्‌पिढ्या माणसे लागतात. पुण्याच्या त्या उद्यानात मुलांना न्याल तेव्हा फुलांबरोबर तिथला माळीही त्यांना दाखवा.