पोलादाच्या पोटातील गंज

सन २०१४ च्या २७ जून रोजी पहाटे आंध्र प्रदेशातील पूर्व गोदावरी जिल्ह्यात नगरम गावी 'गेल' या वायू कंपनीची १८ इंची वायुवाहिनी फुटून वीसहून अधिक माणसे आगीच्या भक्ष्यस्थानी पडली, तेव्हा चौकशीअंती जे कारण निष्पन्न झाले ते घातपाताचे नव्हते, दैवी कोपाचेही नव्हते. ते गंजाचे होते. कोरड्या वायूसाठी योजिलेल्या त्या वाहिनीतून पाण्याचा अंश असलेला वायू वाहत राहिला. असे पाणी सखल भागी तळाशी साचते, कार्बन डायऑक्साइड विरघळून त्याचे सौम्य आम्ल होते, आणि बाहेरून रंग व वेष्टन शाबूत दिसणारे पोलाद आतून खड्ड्याखड्ड्यांनी झिजत जाते.

वायूच्या दाबाने वाहिनीतून सरकत जाणारे 'पिग' नावाचे यंत्र ही झीज शोधते खरे. परंतु जुन्या वाहिन्यांची तीव्र वळणे व बदलते व्यास त्यास वाट देत नाहीत. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतील कार्ल्सबाडजवळ १९ ऑगस्ट २००० रोजी पेकोस नदीकाठी तळ ठोकून राहिलेल्या एकाच आप्तपरिवारातील १२ जणांचा जिने बळी घेतला, त्या ३० इंची वाहिनीचा फुटलेला भाग असाच पिगला अगम्य होता. स्फोटानंतर मोजणी झाली तेव्हा काही ठिकाणी भिंतीची ७२ टक्के जाडी नाहीशी झालेली आढळली. ही मोजणी माणसे जिवंत असताना व्हावयास हवी होती.

तशी ती करण्याचे साधन डिजिटल रेडिओग्राफीच्या रूपाने आज उपलब्ध आहे. नळाच्या एका अंगास इरिडियम-१९२ चा किरणस्रोत व दुसऱ्या अंगास संवेदनशील फलक ठेवला असता, पोलाद जेथे झिजले तेथून किरण अधिक पार होतात व तो भाग पडद्यावर निराळ्या छटेने उमटतो. किरण नळाच्या कडेस स्पर्शून जातील अशी मांडणी केल्यास उरलेली जाडी थेट मोजता येते, आणि त्यासाठी वायूचा प्रवाह बंद करावा लागत नाही. जुन्या फिल्म-रेडिओग्राफीपेक्षा किरणमात्रा बहुधा कमी लागते, ही गोष्ट उन्हातान्हात हे जोखमीचे काम करणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने आम्हांस विशेष मोलाची वाटते. असे किरणस्रोत वाशीची 'ब्रिट' ही अणुऊर्जा खात्याची संस्था देशात पुरवीत आहे, तेव्हा साधनाच्या अभावाची सबबही उरत नाही.

पुरलेली वाहिनी उकरल्याखेरीज ही तपासणी होत नाही, म्हणून शेकडो मैल लांबीवर ती करणे अशक्य आहे, हे आम्ही जाणतो. परंतु पिग न जाणारी वळणे, सखल जागा, नदीवरील ओलांडण्या व वस्तीलगतचे टप्पे मोजके असतात. तेथे पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाने ठरावीक मुदतीने ही तपासणी सक्तीची करावी. प्रत्येक प्रतिमा दप्तरी जतन करून मागील प्रतिमेशी ताडून पाहावी, जाडी मर्यादेखाली गेल्यास दुरुस्ती होईपर्यंत दाब तत्काळ उतरवावा, आणि या तपासणीच्या अहवालाची नक्कल जिल्हाधिकाऱ्यांकडे व ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीतून वाहिनी जाते तिच्याकडे, तिला समजेल अशा भाषेत, पोचती करावी.