पेन्सिल घेऊन बघावा असा कार्यक्रम

रिॲलिटी शो म्हणजे रडारड आणि भांडणे, असा घरोघरी समज आहे आणि तो बराचसा खराही आहे. पण वाचकहो, ‘सोनी लिव्ह’वरील ‘शार्क टँक इंडिया’ मुलामुलींना जवळ बसवून बघावा. डिसेंबर २०२१ मध्ये तो सुरू झाला. नवा उद्योग करणारा माणूस यशस्वी उद्योजकांपुढे उभा राहून भांडवल मागतो आणि बदल्यात धंद्यातला हिस्सा देऊ करतो.

पहिल्या पर्वात आपल्या मालेगावकडचे कमलेश घुमरे आले होते. त्यांनी औषध फवारणीची हातगाडी बनवली होती. पाठीवरचा पंप काय असतो, हे मजुरीने फवारणी करणाऱ्यालाच ठाऊक! (२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले.)

त्यांनी मागितले १० टक्क्यांना ३० लाख. म्हणजे सबंध धंद्याची किंमत ३ कोटी. पीयूष बन्सल यांनी देऊ केले ४० टक्क्यांना १० लाख, शिवाय २० लाख बिनव्याजी कर्ज. मांडा हिशेब. किंमत झाली २५ लाख! टाळ्यांच्या गजरात हा आकडा कुणी मोजत नाही. बिनव्याजी कर्ज देणारा विरळाच, हे कबूल. बाकीच्यांनी तर हात आखडता घेतला. तरी कर्ज हे फेडावेच लागते आणि गेलेला हिस्सा सहसा परत येत नाही. शिवाय पडद्यावरचा सौदा तोंडी असतो; कागदपत्रे तपासल्यावरच पैसे मिळतात.

प्रत्येक सौद्याला मुलांना किंमत काढायला लावा. सातवीची शेकडेवारी तेवढ्याला पुरते.