भंगारात काढण्यापूर्वी : 'मसिआ'ला खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सर्व सभासद उद्योजक,
मराठवाडा असोसिएशन ऑफ स्मॉल स्केल इंडस्ट्रीज अँड ॲग्रिकल्चर,
चिकलठाणा एमआयडीसी, छत्रपती संभाजीनगर



14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे मोफत सुरक्षा अपडेट बंद झाले. तुमच्या ऑफिसांतल्या अनेक संगणकांचे प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे असणार, म्हणजे विंडोज 11 च्या अटीत ते बसत नाहीत. चालू स्थितीतली ही यंत्रं आता एकतर भंगारवाल्याकडे जातील, नाहीतर एखाद्या शाळेला भेट म्हणून. शाळेकडे येणाऱ्या यंत्रांबद्दल मी, याच परिसरातला एक शिक्षक, हे पत्र लिहितो आहे.

अशा भेटी आम्ही पूर्वीही घेतल्या आहेत आणि त्याबद्दल कृतज्ञता आहेच. बॅनर लागतो, नारळ फुटतो, फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी कळतं की हार्डडिस्क काढून घेतलेली आहे. कंपनीचा डेटा बाहेर जाऊ नये ही तुमची काळजी रास्त आहे. मग शाळा वर्गणी काढून डिस्क बसवते आणि दुकानदार तिच्यावर 'क्रॅक' केलेलं विंडोज आणि ऑफिस टाकून देतो. सॉफ्टवेअर कंपनीची परवान्याबाबतची नोटीस म्हणजे काय, हे लघुउद्योजकांना मी सांगायला नको. कारखान्याच्या नावावरचा परवाना शाळेच्या नावावर आपोआप चढत नाही. थोडक्यात, ज्या शाळेत आम्ही कॉपीमुक्त अभियानाची शपथ देतो, तिथेच चोरीचं सॉफ्टवेअर चालवतो. यावर आमच्यात कधी चर्चाही होत नाही.

माझी विनंती एवढीच की यंत्र देताना त्यात विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली घालून द्या. डिस्क द्यायची नसेल तर छोटी एसएसडी बसवा. उबुंटू किंवा मिंट हे लिनक्सचे प्रकार अशा जुन्या यंत्रांवर चांगले चालतात, आणि खात्री वाटत नसेल तर आधी पेन ड्राइव्हवरून चालवूनही बघता येतात. सोबत लिबरऑफिस येतं, ते मराठीतही वापरता येतं. लहान मुलांसाठी जीकॉम्प्री हा शैक्षणिक खेळांचा संच आहे. भूमितीसाठीच्या जिओजेब्राचा परवाना काटेकोरपणे पूर्ण मुक्त म्हणता येणार नाही, पण शाळेला ते फुकट आहे. त्यात त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढला की तिन्ही कोन बदलतात आणि बेरीज 180 अंशांवर ठाम राहते. फळ्यावर तीन त्रिकोण काढून मला जे सांगावं लागतं, ते मुलगी स्वतः ओढून बघते.

आकाश दाखवणाऱ्या स्टेलॅरियमवर तर माझा विशेष जीव आहे. अक्षांश 19.9, रेखांश 75.4 असे आकडे भरले की चिकलठाण्याचं आकाश समोर येतं. तारीख पुढेमागे करत मृग नक्षत्र कधी उगवतं ते दाखवता येतं. बाहेर एमआयडीसीच्या दिव्यांत आणि विमानतळाच्या झगमगाटात जे तारे बुडून गेलेत, ते निदान पडद्यावर तरी भेटतात. आणि हे सगळं मी पेन ड्राइव्हवर घालून शेजारच्या शाळेला, एखाद्या मुलाच्या मोठ्या भावाला, कुणालाही देऊ शकतो. परवानगी मागायची नाही, लपवायचंही नाही.

पण नुसती डिस्क भरून दिली तर वर्षभरात त्या यंत्रांवर धूळ बसेल. शिक्षकाला संगणक शिकवायचे प्रयत्न महाराष्ट्रात कमी झाले नाहीत. एमएस-सीआयटी आम्ही सगळ्यांनी केली. ती वेळेत केली नाही म्हणून वेतनवाढीची वसुली लागलेले सहकारी मला माहीत आहेत. धाकाने शिकलेलं प्रमाणपत्राबरोबर फ्रेममध्ये जातं. याउलट, 2007 मध्ये कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या वाडीवरच्या छोट्याशा शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. तेही लिनक्सवरच चालत. देशात या योजनेचा तो पहिलाच प्रयोग होता आणि यंत्रांबरोबर शिक्षकाच्या सोबतीला माणूसही गेला होता. राज्यभर मात्र तो प्रयोग पोचला नाही.

केरळने हे वेगळ्या रीतीने केलं. तिथे 2001 मध्ये 'आयटी ॲट स्कूल' सुरू झालं. 2017 मध्ये त्याचीच 'काइट' ही सरकारी कंपनी झाली. सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर, पुस्तकं त्यावर बेतलेली, दहावीची आयटी परीक्षाही त्यावरच. तीन हजार कोटी रुपये वाचल्याचं तिथे सांगितलं जातं. सरकारी बचतीचे आकडे फुगतात, म्हणून तो आकडा सोडून देऊ. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की तिथले प्रशिक्षक शाळेतलेच शिक्षक होते. वर्गात चाळीस मुलं आणि मध्येच लाइट गेली तर काय करायचं, हे त्यांना कुणाला शिकवावं लागलं नाही.

अडचणी आहेत, त्या झाकत नाही. आमची निकालपत्रकं आणि आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी ज्या एक्सेल फायलींत होतात, त्या आमच्यातल्याच हौशी शिक्षकांनी मॅक्रो लिहून बनवल्या आहेत. लिबरऑफिसमध्ये त्या हमखास अडखळतात. श्रीलिपी फॉन्टात टाइप केलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका उघडल्या की अगम्य चिन्हं दिसतात. म्हणून मुख्याध्यापकांच्या टेबलावरचा परवान्याचा विंडोज संगणक तसाच राहू द्यावा, असं माझं मत आहे. यू-डायस (शाळांची माहिती) किंवा शालार्थ (शिक्षकांचे पगार) ब्राउझरवर चालतं, त्याला काहीही चालेल. पण मुलांच्या खोलीत विंडोज का लागावं, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

तेव्हा पैशांपेक्षा मी तुमच्याकडे तुमचा माणूस मागतो आहे. नेटवर्क आणि सर्व्हर सांभाळणारा एखादा मुलगा किंवा मुलगी बहुतेक कारखान्यांत असते. महिन्यातून एका शनिवारी दुपारी त्यांना तुमच्या चिकलठाण्याच्या कार्यालयात शिक्षकांसाठी मोकळं करा. भाषण नको. शिक्षकाने स्वतः लिनक्स बसवायचं, चुकायचं, पुन्हा बसवायचं. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'चे छोटे धडे मराठीतही आहेत. ते डाउनलोड करून यंत्रांतच ठेवले, तर इंटरनेट नसलेल्या शाळेतही चालतील. पहिल्या तुकडीतल्या शिक्षकांनी पुढची तुकडी शिकवावी. आमच्या शाळांच्या केंद्रातल्या शिक्षण परिषदेत तास मिळवायचं काम आम्ही करू, केंद्रप्रमुखांशी बोलायची जबाबदारीही आमची.

यंत्रं शक्यतो 15 जूनच्या आधी द्या, म्हणजे शाळेच्या पहिल्या आठवड्यातच वर्गात लागतील. आणि प्रत्येकाबरोबर माउस द्यायला विसरू नका. तो नेमका मागे राहतो.

आपला विश्वासू,
चिकलठाणा परिसरातील एक शिक्षक