फॉरवर्ड करण्याआधी वाचनालयात या

गावकरी मंडळींनो,

येत्या सोमवारपासून आपल्या वाचनालयात पेपर येणार नाहीत. पेपरवाल्याचं तीन महिन्यांचं बिल थकलंय आणि अनुदानाचा हप्ता अजून आलेला नाही. माझ्या मानधनासाठी मी हे लिहीत नाही, त्याची सवय झालीय. भीती वेगळीच आहे.

परवा वरच्या आळीतल्या तिघीजणी धापा टाकत आल्या. मोबाइलवर मेसेज : मुलं पळवणारी टोळी गावात शिरलीय. देवळापाशी उतरलेल्या बहुरूप्यांभोवती तोवर पोरं संशयाने जमलीही होती. आम्ही आठवड्याचे पेपर चाळले, पोलीस ठाण्यात फोन लावला. कुठेच काही घडलं नव्हतं. त्यातल्याच एकीने देवळाकडे जाऊन पोरांना हाकललं.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेपायी भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. बाजाराचा दिवस होता. त्या वर्षी देशभर फिरलेली मूल उचलून नेल्याची एक चित्रफीत मुळात कराचीतल्या बालसुरक्षा मोहिमेची होती. शेवटी मूल परत आणून देतात, तेवढाच भाग कुणीतरी कापला होता. कापलेला तुकडा शोधून पुढे ठेवणं, हेच माझं काम. आणि टेबलाशी बाई बसलेली असली की बायका-मुली न बिचकता विचारायला येतात, हे दहा वर्षं बघतेय.

एकटीने मात्र हे होत नाही. २००३ च्या इराक युद्धात बसऱ्याच्या ग्रंथपाल आलिया मुहम्मद बेकर यांनी सुमारे ३०,००० पुस्तकं वाचवली, तीही शेजारपाजाऱ्यांच्या हातांनी, भिंतीवरून पलीकडच्या हॉटेलात. पुढे ग्रंथालय जळालं.

आपल्याला भिंत चढायची नाही. थकलेली वर्गणी रविवारपर्यंत भरा. जुने पेपर रद्दीत घालू नका, इथे आणून द्या. कॉलेजच्या पोरापोरींनी संध्याकाळी दोन तास टेबलाशी बसावं, मेसेज पडताळायला मी शिकवते. आणि कुणाविषयी काही भयंकर आलं, तर पुढे पाठवण्याआधी फोन घेऊन इकडे या. वाचनालय बंद असेल तर मागच्या दाराची कडी वाजवा, मी तिथेच राहते.

– तुमची ग्रंथपाल