हौसे, नवसे आणि गवसे

जत्रेला जाणाऱ्या माणसांचे आपल्या लोकांनीं फार पूर्वींच तीन वर्ग पाडून ठेविले आहेत: हौसे, नवसे आणि गवसे. हौशीखातर जातो तो हौसा, देवाला बोललेला नवस फेडावयास जातो तो नवसा, आणि गर्दींत कांहीं हातीं लागलें तर पाहावें म्हणून जातो तो गवसा. खेळाच्या मैदानावर येणाऱ्यांचेही हेच तीन वर्ग आहेत. मुंबईच्या उपनगरांतील मैदानें आम्ही गेलीं पंचेचाळीस वर्षें पाहत आहों आणि त्यांवर बरेंवाईट, बहुधा वाईटच, खेळत आहों. या अवधींत नवसे वाढले, गवसे त्यांहून वाढले, आणि हौसे मात्र फाटकाबाहेर घालविले गेले. हें काळाच्या ओघांत आपोआप झालें असें म्हणून पुष्कळ सुज्ञ लोक समाधान मानून घेतात. आम्हांस तें मान्य नाहीं. हें घडविलें गेलें आहे, आणि घडविणाऱ्यांत आपण सुशिक्षित मध्यम वर्गाचे लोक आघाडीवर आहों.

‘हौशी’ हा शब्द अलीकडे ‘कच्चा’ या अर्थीं वापरण्याची रीत पडली आहे. ती आम्हांस पत्करत नाहीं. खेळ कितपत येतो यावरून हौशी माणूस ओळखावयाचा नसतो. तो येत्या रविवारींही खेळणार आहे कीं नाहीं, यावरून ओळखावयाचा असतो. आमची गणना शाळेच्या अकरांत कधीं झाली नाहीं, महाविद्यालयाच्या अकरांत तर नाहींच. आमच्या फलंदाजीचा आजवरचा उच्चांक एकतीस आहे, आणि त्यांतही दोन झेल सुटले होते. तथापि लगोरी, हुतुतू, रबरी चेंडूचें क्रिकेट, पावसाळ्यांत जिन्याखालचा कॅरम, थंडीच्या दिवसांत दोन इमारतींच्या मध्यें जाळें बांधून विजेच्या दिव्याखालीं खेळलेलें बॅडमिंटन, यांतील कांहीं ना कांहीं नोकरी लागल्यावरही चालू राहिलें, लग्नानंतरही राहिलें, आणि डॉक्टरांनीं गुडघ्याकडे बोट दाखविल्यावरही राहिलें आहे.

अंधेरी-घाटकोपर १९५० सालीं आणि बोरिवली-मुलुंड १९५७ सालीं मुंबई महापालिकेच्या हद्दींत आलीं. त्यानंतरही वीस-पंचवीस वर्षें या गांवांत घरें आणि मोकळी जागा एकमेकांस धरून होतीं. आमच्या बोरिवलीच्या आवारांत जे नियम होते ते कोणा मंडळानें केले नव्हते. तळमजल्यावरील काकूंच्या खिडकीस चेंडू लागला कीं फलंदाज बाद. चेंडू गच्चीवर गेला तरी बाद, आणि आणावयासही त्यानेंच जावयाचें. एक टप्पी झेल एका हातानें घेतला तर ग्राह्य. सर्वांत लहान मुलास ‘कच्चा लिंबू’ म्हणून खेळांत घ्यावयाचें, पण बाद धरावयाचें नाहीं. पंच नव्हता. तंटा झाला तर तो तेथेंच मिटवावा लागे, कारण न मिटविल्यास खेळ बंद आणि अंधार तर पडत चाललेला. इतक्या वर्षांच्या अध्यापनांत तरुणांना याहून चांगलें नागरिकशास्त्र शिकविल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

आतां नवशांकडे वळूं. सुटीच्या दिवशीं पहाटेच्या लोकलमध्यें आपल्या उंचीएवढी थैली पाठीवर घेतलेलीं मुलें आणि त्यांच्या शेजारीं डबा-पाण्याची बाटली घेऊन बसलेले पालक वाचकांनीं पाहिलेच असतील. या पालकांची माया आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु त्यांनीं खेळ मुलास दिलेला नाहीं. मुलगा खेळाला वाहिला आहे. मुंबईच्या रणजी संघांत एका वेळीं अकराच जण खेळतात, आणि पहाटेच्या गाडींत हजारों. हा हिशेब करण्यास गणिताची पदवी लागत नाहीं. नवस फळला नाहीं म्हणजे काय होतें, तें आम्ही वर्गांत पाहतों. सतराव्या-अठराव्या वर्षीं निवड न झालेला एखादा मुलगा दर वर्षीं आमच्यापुढें येऊन बसतो. ‘हल्लीं खेळतोस कीं नाहीं?’ असें विचारलें, तर तो खालीं मान घालून म्हणतो, ‘नाही सर, क्रिकेट सोडलं.’ खेळ ही सोडावयाची वस्तु केव्हांपासून झाली? नोकरी सोडतात, व्यसन सोडतात. अंगांत चपळाई असलेला, दहा वर्षें घाम गाळलेला मुलगा ऐन तारुण्यांत बॅटला शिवत नाहीं, कारण ती पाहिली कीं त्याला आपला पराभव आठवतो. ज्याला पन्नास वर्षें पुरेल एवढा आनंद हातीं आला होता, त्याच्यापासून तो आपण काढून घेतला आणि वर त्याला ‘अपयशी’ ही पदवी दिली.

कल्याणच्या एका पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलानें जानेवारी २०१६ मध्यें एका डावांत नाबाद १००९ धावा केल्या, तेव्हां सारें जग त्याच्या दारीं लोटलें. मुंबई क्रिकेट असोसिएशननें त्याला विद्यावृत्ती दिली. पुढें धावा होईनात, तेव्हां ती विद्यावृत्ती बंद करावी असें घरच्यांनींच कळविलें. त्या कुटुंबाच्या सचोटीस आमचा नमस्कार. पण एका मुलानें एका दिवशीं मनसोक्त खेळावें आणि त्याचें कर्ज त्याच्या डोक्यावर बसावें, हा व्यवहार कोणीं मांडला?

गवशांविषयीं थोडक्यांत सांगतां येईल, कारण त्यांचा हेतु उघड असतो. ते मैदानावर दहावी-बारावीचे वाढीव गुण गवसावयास येतात, प्रमाणपत्र गवसावयास येतात, आणि त्यांतले मोठे तर मैदानच गवसावयास येतात. महापालिकेनें आपले मोकळे भूखंड देखभालीच्या नांवाखालीं संस्थांच्या स्वाधीन केले आणि त्यांतील कांहींवर सभासदांपुरते क्लब उभे राहिले, हा इतिहास फार जुना नाहीं. जानेवारी २०१६ मध्यें याच धर्तीचें दत्तक धोरण महापालिकेनें पुन्हा मंजूर केलें, आणि ओरड झाली म्हणून मुख्यमंत्र्यांनीं त्यास स्थगिती दिली. आतां टर्फ आलें आहे. चोहोंकडून जाळी, खालीं प्लास्टिकचें गवत, तासाला हजार रुपये आणि त्याहूनही अधिक भाडें. तेथें तरुण खेळतात, हें चांगलेंच आहे. परंतु घड्याळ लावून, भाडें वांटून खेळणाऱ्यांत ‘कच्चा लिंबू’ असूं शकत नाहीं. त्याच्या वांट्याचे पैसे कोण भरणार? मुंबईंत माणशी मोकळी जागा दीड चौरस मीटरही भरत नाहीं, आणि केंद्राच्या नगररचनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत दहा ते बारा चौरस मीटर सांगितली आहे. अशा शहरांत फुकट खेळतां येणारी प्रत्येक हातभर जागा ही सार्वजनिक ठेव समजली पाहिजे.

कोणी म्हणेल कीं, हौशी खेळाचें हें कौतुक इंग्रजांकडून उसनें आणलेलें असून त्यांत वर्गाचा अहंकार आहे. आक्षेप वजनदार आहे. इंग्लंडांत क्रिकेटच्या मैदानावर ‘जंटलमेन’ आणि ‘प्लेअर्स’ असे दोन वर्ण होते. धावफलकावर एकाच्या नांवाचीं आद्याक्षरें आधीं आणि दुसऱ्याचीं मागाहून छापीत, आणि हा भेद मोडावयास १९६२ साल उजाडलें. जिम थॉर्प या अमेरिकन इंडियन खेळाडूनें १९१२ च्या ऑलिंपिकमध्यें दोन सुवर्णपदकें मिळविलीं. पूर्वीं बेसबॉल खेळून चार पैसे घेतले होते एवढ्यासाठीं तीं पुढील वर्षीं काढून घेण्यांत आलीं, आणि तो एकटाच विजेता होता हें मान्य करावयास २०२२ साल लागलें. असल्या सोवळेपणाशीं आम्हांस कर्तव्य नाहीं. ज्याला खेळावर पोट भरतां येतें त्यानें तें खुशाल भरावें. आमच्या लहानपणीं ज्यांच्या चढाईवर आम्ही जीव टाकीत असूं, ते कबड्डीपटू एखाद्या कारखान्याच्या किंवा बँकेच्या नोकरीवर आणि बक्षिसाच्या भांड्यांवर समाधान मानीत. २०१४ सालीं प्रो कबड्डी सुरू झाली आणि त्यांच्या पुढल्या पिढीस दाम मिळूं लागला, याचा आम्हांस आनंदच आहे. आमचें भांडण धंद्याशीं नाहीं. धंद्याची फुटपट्टी घेऊन जो सर्वांचीच उंची मोजूं पाहतो, त्याच्याशीं आहे. २०२४ सालीं गल्लींतल्या टेनिस चेंडूच्या क्रिकेटचीही मोठी लीग निघाली. निघो बापडी, पण त्यामुळें गल्लींत खेळणाऱ्यास ‘तुझी निवड झाली का?’ असें विचारण्याचा अधिकार कोणासही मिळत नाहीं.

शिवाय उदाहरणासाठीं इंग्लंडास जाण्याचें कारणच काय? प्रा. दि. ब. देवधर पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत संस्कृत शिकवीत. १९४०-४१ च्या हंगामांत, अठ्ठेचाळीस वर्षांचे असतां, त्यांनीं मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या. आणि १९४४-४५ मध्यें, पन्नाशी उलटून गेल्यावर, एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतकें झळकाविलीं. त्यांचा गुण कोट्यवधींत एखाद्याचा. त्याच्याशीं आमची तुलना नाहीं. पण त्या वयांत ‘आतां पुरे’ असें त्यांच्या मनास शिवलें नाहीं, हा भाग तरी अनुकरणीय मानावयास कोणाची हरकत नसावी. आमच्या व्यवसायबंधूंत मात्र पंचेचाळिशीनंतर चालण्यापलीकडे कांहीं करणें हलकेपणाचें समजतात.

आणि ज्यांच्या अंगीं देवधरांचा गुण नाहीं त्यांच्यासाठींही या शहरानें एकेकाळीं सोय केली होती. डॉ. कांगा यांच्या नांवें १९४८ पासून पावसाळ्यांत चालत आलेली लीग ‘ए’पासून ‘जी’पर्यंत सात विभागांची आहे. वरच्या विभागांत नामवंत खेळले. पण तिची खरी थोरवी आम्हांस खालच्या विभागांत वाटते. ओल्या, उघड्या खेळपट्टीवर कारकून, कंपाउंडर आणि पोट सुटलेले वकील रविवारीं चिखलांत क्षेत्ररक्षण करतात, आणि सोमवारीं लंगडत कामावर जातात.

स्त्रियांचा विचार केला तर आपली लाज अधिकच उघडी पडते. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली कीं तिचें खेळणें संपलें, हा नियम अंधेरी-मुलुंडच्या सुशिक्षित घरांतही अजून पुष्कळ ठिकाणीं चालतो. फार तर तिला शिकवणीच्या जोडीला एखादा ‘क्लास’ लावतात. प्रौढ बायकांनीं रात्रभर नुसत्या हौसेनें खेळावें अशी एकच सोय आपल्या रूढींत होती, ती म्हणजे मंगळागौर. फुगड्या, झिम्मा, पिंगा. आतां तिचेही संच झाले आहेत. सुपारी घेऊन ते कार्यक्रम करतात आणि घरच्या बायका खुर्च्यांवर बसून मोबाइलवर चित्रें घेतात. संचांतील त्या पन्नाशीच्या बायका मात्र धमाल खेळतात, तेव्हां त्यांस नांवें ठेवण्याचें आम्हांस धैर्य नाहीं. नांवें ठेवावयाचीं तर तीं खुर्च्यांना.

आमच्या स्वतःच्या घराकडे, म्हणजे महाविद्यालयांकडेही पाहिलें पाहिजे. हजारों विद्यार्थ्यांकडून जिमखान्याची फी घेतात, आणि ती मुख्यत्वें निवडक संघांवर खर्च होते. बाकीच्यांनीं टाळ्या वाजवाव्यात अशी अपेक्षा असते. ज्यांची कोठेंच निवड झालेली नाहीं त्यांच्यासाठीं आठवड्यांतून दोन दुपारीं मैदान मोकळें ठेवावें, असें कोणत्याही महाविद्यालयाच्या वेळापत्रकांत आम्हीं अद्याप पाहिलें नाहीं. महापालिकेच्या मैदानांवरही रोज दोन तास प्रशिक्षण, सामने आणि आगाऊ नोंदणी यांस बंदी असावी. जो येईल त्यानें खेळावें. यास खर्च कांहींच नाहीं, बहुधा म्हणूनच तें सुचत नाहीं.

उरलीं आपलीं आवारें. जुन्या इमारती पाडून उपनगरांत मनोरे उठत आहेत. पूर्वींच्या आवारांत मोटारी आल्या, आणि ‘येथें क्रिकेट खेळण्यास मनाई आहे’ ही पाटी लागली. ती लावणाऱ्या समित्यांत आपल्यासारखेच पदवीधर असतात. आमच्या इमारतीचाही पुनर्विकास ठरला आहे. परवांच्या सभेंत विकासकाच्या माणसानें सोयींचा तक्ता वाचला: व्यायामशाळा, योगकक्ष, ज्येष्ठांसाठीं बांकें, मुलांसाठीं घसरगुंडी. आम्हीं उठून चाळीस फुटांची एक मोकळी पट्टी मागितली. ‘तिथे काय बसवायचं, सर?’ त्यानें विचारलें. कांहींच बसवावयाचें नाहीं, असें आम्हीं सांगितलें. त्यावर दुसऱ्या मजल्यावरील सभासदांनीं खिडक्यांच्या कांचांचा मुद्दा काढला, चिटणीसांनीं घड्याळ पाहिलें, आणि विषय पुढच्या महिन्याच्या सभेवर टाकला गेला. त्या सभेस आम्ही हजर राहणार आहों, आणि तिघा-चौघांस बरोबर नेणार आहों.