कंडेन्सर केवढा घ्यावा?

दिवाळीच्या सुट्टीत घरच्या घरी स्पीकरची पेटी जमविण्याचा उद्योग पुष्कळ हौशी मंडळी करतात. पेटीत खर्जासाठी मोठा वूफर आणि झांजांचा, सतारीचा झंकार ऐकविण्यासाठी लहानगा ट्वीटर. मात्र डग्ग्याचा घुमारा थेट ट्वीटरात गेला, तर त्याची केसासारखी तार तापून जळते. म्हणून त्याच्या वाटेत कंडेन्सर ठेवायचा. तो तार स्वरांना सोडतो, खर्जाला अडवितो. (वूफरच्या वाटेत तारेचे वेटोळे ठेवले की नेमके उलट!)

गणित शाळकरी मुलालाही जमेल. १,५९,००० ला ट्वीटरच्या ओहमने भागा. मग ज्या आवर्तनसंख्येपासून ट्वीटरने गावे, तिने भागा. उत्तर मायक्रोफॅरडमध्ये येते. ट्वीटर ८ ओहमचा आणि सीमा सेकंदाला ३००० आवर्तनांची धरली, तर उत्तर ६.६. दुकानदार म्हणेल, ६.८ आहे. खुशाल घ्या. सीमा सुमारे ७५ आवर्तनांनी खाली सरकेल, एवढेच. नाही तरी कंडेन्सरवर छापलेला आकडा शेकडा ५-१० इकडेतिकडे असतोच.

दशांशापेक्षा जपायचे ते दशांशचिन्हाला. ६.८ ऐवजी ६८ चा कंडेन्सर बसविला, की सीमा एकदम २९३ वर उतरते आणि गवयाचा बहुतेक सगळा आवाज ट्वीटरात शिरतो. हळू वाजविताना काही कळत नाही. घरी पाहुणे जमले, आवाज चढविला, की ट्वीटर कायमचा मुका!

शिवाय हा द्वारपाल जरा मवाळच आहे. सीमा ३००० ची असली तरी १५०० आवर्तनांच्या स्वराची पंचमांश शक्ती तो आत सोडतो. त्यात ट्वीटरवरचे ८ ओहम हे नाममात्र. मीटरने मोजाल तर ६ च्या आसपास भरतील. म्हणून दुकानदाराशी भांडू नका. मीटर नुसत्या तारेचा रोध मोजतो. गाणे चालू असताना हा रोध स्वरागणिक बदलतो, आणि ट्वीटरच्या स्वतःच्या कंपनसंख्येपाशी तर चांगलाच वाढतो. तेथे आपला हिशेब लंगडा पडतो. ती संख्या ट्वीटरच्या माहितीपत्रकात असते. सीमा तिच्या निदान दुप्पट ठेवावी.

आणि अधिक-उणे खुणांचा कंडेन्सर येथे घेऊ नये. त्याला उलटा दाब सोसत नाही. दुकानात ‘बायपोलर’ किंवा प्लॅस्टिक फिल्मचा मागावा.